सील आपले केस कसे बदलतात? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सागरी सस्तन प्राण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सीलच्या केसांच्या गळतीसंबंधीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न जोडून दिले आहेत.

प्रश्न : एका चित्रफितीत किनाऱ्यावर पडून असलेले प्रचंड आकाराचे सील पाहिले. त्यांच्या अंगावरून कातडीच्या फाटक्या चिंध्या लोंबत होत्या आणि ते जवळजवळ हलतही नव्हते. हा एखादा त्वचारोग आहे का?

उत्तर : हा रोग नाही. आपल्या वर्णनावरून ते हत्ती सील असावेत आणि त्यांच्या अंगावर जे चालले होते ते वर्षातून एकदा होणारे केसांचे नूतनीकरण होते. सील वर्षाकाठी आपले केस बदलतात. परंतु हत्ती सीलमध्ये केस एकेकटे गळत नाहीत, तर ज्या बाह्यत्वचेतून ते उगवलेले असतात तिचा वरचा मृत थरही त्यांच्याबरोबर सुटून येतो. माणसाच्या त्वचेचे मृत कण रोज थोडे थोडे झडत असतात आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. हत्ती सीलच्या अंगावर मात्र तो थर वर्षभर टिकून राहतो आणि मग काही आठवड्यांत मोठमोठ्या पापुद्र्यांच्या रूपाने निघून जातो.

किनाऱ्यावरच्या वाळूत असे पापुद्रे विखुरलेले असतात. त्यातला एखादा जवळून पाहिला, तर वरच्या बाजूला वर्षभराच्या उन्हाने व खाऱ्या पाण्याने तपकिरी पडलेले आखूड, राठ केस दिसतात. तो उलटा केला की त्याच केसांची मुळे खालच्या बाजूने बारीक काट्यांसारखी बाहेर आलेली दिसतात. जिथून हा पापुद्रा निघाला तिथे उघडे मांस किंवा रक्त दिसत नाही, कारण जुना थर सुटण्यापूर्वीच त्याच्या खाली नवी त्वचा तयार झालेली असते आणि तिच्यातून गडद करड्या रंगाचे नवे केस डोके वर काढू लागलेले असतात. सुरुवात बहुधा काखेत, शेपटीजवळ, डोळ्यांच्या व तोंडाच्या कडांना आणि जुन्या जखमांच्या वणांवर होते, आणि तेथून गळती उरलेल्या अंगावर पसरत जाते. मधल्या काळात अर्धे अंग तपकिरी आणि अर्धे करडे अशी जी अवस्था असते, तीच पाहणाऱ्याला आजारासारखी वाटते.

कॅलिफोर्नियातील आन्यो न्यूएवो आणि पिएद्रास ब्लांकास हे किनारे उत्तरेकडील हत्ती सीलसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे सगळे प्राणी एकाच वेळी येत नाहीत. एप्रिल आणि मे महिन्यांत माद्या व लहान वयाचे प्राणी येतात, त्यांच्यामागून मे-जूनमध्ये अर्धवट वाढलेले नर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण वाढलेले नर. प्रत्येकाचा मुक्काम साधारणपणे महिनाभराचा असतो. या काळात ते काहीही खात नाहीत. केवळ साठवलेल्या चरबीवर राहतात आणि पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन या महिन्यात सुमारे एक चतुर्थांशाने घटते. ते हलत नाहीत याचे कारण हेच की शिल्लक असलेल्या चरबीतून नवी त्वचा आणि नवे केस घडवायचे असतात, आणि अनावश्यक हालचालीवर ती खर्च करणे त्यांना परवडत नाही.

प्रश्न : केस बदलण्यासाठी समुद्र सोडून जमिनीवर येण्याची गरज काय? पाण्यात राहून, शिकार करीत करीत हे काम होऊ शकत नाही का?

उत्तर : सीलच्या केसगळतीचे सगळे मर्म या एका प्रश्नात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सीलच्या शरीराचे तापमान आपल्यासारखेच ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पण तो ज्या पाण्यात राहतो ते कित्येकदा गोठणबिंदूच्या जवळ असते. या थंडीपासून त्याला वाचवतो तो चरबीचा जाड थर. परंतु हा थर त्वचेच्या खाली असतो, म्हणजेच त्वचा स्वतः या संरक्षणाच्या बाहेर राहते. पाण्यात असताना सील त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करून तिकडचा रक्तपुरवठा अगदी कमी करतो, आणि त्यामुळे त्याच्या त्वचेचे तापमान सभोवतालच्या पाण्याच्या जवळपास उतरते. शरीराची उष्णता वाचवण्याचा हा अत्यंत परिणामकारक उपाय आहे. पण त्याची किंमत त्वचेला मोजावी लागते. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींना भराभर विभाजन करून नवा केस घडवायचा असेल, तर त्यांना ऊबही हवी आणि रक्तातून येणारे पोषणही हवे. सीलच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून १९६०च्या दशकात असे पाहण्यात आले की सुमारे १७ अंशांखाली त्यांची वाढ थांबते आणि शरीराच्या नेहमीच्या तापमानाजवळ ती सर्वांत चांगली होते.

म्हणजे नवे केस हवे असतील तर त्वचा उबदार ठेवली पाहिजे, आणि त्वचा उबदार ठेवायची तर रक्तवाहिन्या मोकळ्या सोडल्या पाहिजेत. हेच जर थंड पाण्यात केले तर शरीरातील उष्णता झपाट्याने बाहेर जाईल, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. हवेत, विशेषतः उन्हात पडून राहिल्यास, तीच ऊब कितीतरी कमी खर्चात टिकते. म्हणून सील या दिवसांत जमिनीवर किंवा बर्फावर येतो आणि शक्य तितका वेळ कोरडा राहतो. काही वेळा तो पाण्यात उतरतोही, मात्र त्या काळात उघडी पडलेली त्वचा त्याला नेहमीपेक्षा अधिक महागात पडते.

दक्षिणेकडील हत्ती सीलचे वागणे या दृष्टीने फार बोलके आहे. अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्रातील दक्षिण जॉर्जिया, मॅक्वारी, केर्गेलेन अशा थंड, वादळी वाऱ्याच्या बेटांवर ते डिसेंबरपासून पुढे केस बदलण्यासाठी येतात. तेथे ऊन फारसे नसते. तेव्हा ते चिखलाच्या डबक्यांत किंवा गवताच्या उंचवट्यांमध्ये एकमेकांना अगदी चिकटून, प्रसंगी एकमेकांच्या अंगावर रेलून पडतात. एरवी विणीच्या हंगामात रक्तबंबाळ होईपर्यंत झुंजणारे नरही या काळात अंगाला अंग लागू देतात. शेजाऱ्याच्या अंगाला जितका भाग चिकटलेला असेल, तितका भाग वाऱ्यापासून वाचतो. थंडी आणि ओल वाढली की हे घोळके अधिक दाट होतात.

उत्तरेकडील हत्ती सीलची मादी हिवाळ्यात पिल्लाला जन्म देते, त्याला चार आठवडे दूध पाजून समुद्रात जाते, तेथे सुमारे अडीच महिने शिकार करते आणि पुन्हा शेकडो कोस पोहून केवळ केस बदलण्यासाठी किनाऱ्यावर परतते. त्यानंतरची तिची सागरी फेरी सात महिन्यांहून अधिक काळ चालते. वर्षातून दोन प्रदीर्घ स्थलांतरे करणारा हा प्राणी त्यांतील एक स्थलांतर आपल्या त्वचेखातर थांबवतो, ही मला त्याच्या जीवनक्रमातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. केस म्हणजे शरीरावरची दुय्यम बाब नव्हे, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

प्रश्न : सर्वच सील अशा रीतीने कातडी सोडतात का? फर सील आणि सागरी सिंह यांचे काय?

उत्तर : त्वचेच्या थरासह केस टाकण्याची ही टोकाची पद्धत हत्ती सील आणि मंक सील यांच्यातच दिसते. हवाई बेटांवरील मंक सीलचे काम एक-दोन आठवड्यांत उरकते. या सीलच्या अंगावर समुद्रात फार काळ राहिल्यामुळे कधी कधी शैवाल उगवते आणि तो चक्क हिरवट दिसू लागतो. केस गळले की ते शैवालही जाते आणि खाली स्वच्छ रुपेरी अंग दिसू लागते. सामान्य सील, करडा सील, वलयांकित सील वगैरे इतर खऱ्या सीलमध्ये, म्हणजे बाहेरून कान न दिसणाऱ्या सीलमध्ये, केस सुटे सुटे गळतात. गळतीच्या काळात तेही अधिक वेळ खडकांवर, वाळूच्या पट्ट्यांवर किंवा बर्फावर काढतात, पण त्यांतील अनेक जण मधूनमधून समुद्रात जाऊन खातातही. ब्रिटनच्या किनाऱ्यावर करड्या सीलच्या माद्या जानेवारी ते मार्चमध्ये आणि नर त्यानंतर मेपर्यंत केस बदलतात. सामान्य सील उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बदलतो.

फर सीलची गोष्ट मुळातच निराळी आहे. खऱ्या सीलच्या अंगावरचे केस आखूड, चपटे आणि विरळ असतात. ऊब धरून ठेवण्याचे काम चरबी करते. फर सीलमध्ये हे काम बऱ्याच अंशी केसच करतात. वरच्या राठ केसांखाली अतिशय बारीक, दाट लोकर असते. प्रत्येक राठ केसाबरोबर लोकरीच्या केसांचा एक गुच्छच त्वचेतून बाहेर येतो. उत्तरेकडील फर सीलच्या एका चौरस सेंटिमीटर त्वचेवर ४० हजारांहून अधिक केस असतात. या लोकरीत हवा अडकून राहते आणि पाणी त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. असा प्राणी जर एकदम उघडा पडला, तर त्याचा थंडीपासूनचा बचावच नाहीसा होईल. म्हणून फर सील आपले केस अनेक आठवडे, हळूहळू बदलतात, सगळी लोकर एका वेळी कधीच टाकत नाहीत, आणि या काळात समुद्रात जाणे-येणेही चालू ठेवतात.

या लोकरीपायीच अलास्काजवळच्या प्रिबिलोफ बेटांवर फर सीलची प्रचंड कत्तल झाली. उन्हाळा सरताना नवे केस अर्धवट उगवलेले असत, तेव्हाची कातडी बाजारात हलक्या प्रतीची मानली जात असे. त्यामुळे शिकारीचा मुख्य हंगाम त्यापूर्वीच, जून-जुलैमध्ये आटोपला जाई. समुद्रात होणाऱ्या बेसुमार शिकारीला आळा बसला तो १९११ साली अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी केलेल्या कराराने.

सागरी सिंहांच्या अंगावर दाट लोकर नसते, तरीही त्यांचे केस हळूहळूच बदलतात. स्टेलर सागरी सिंहांमध्ये प्रथम लहान वयाचे प्राणी आणि शेवटी पिल्ले असलेल्या माद्या असा क्रम दिसतो. वॉलरसच्या अंगावर केस विरळच असतात. तेही उन्हाळ्यात बदलले जातात.

प्रश्न : केस बदलल्यावर अंगावरचे ठिपके बदलतात का?

उत्तर : नाही. रंग अधिक उजळ व टवटवीत दिसतो, पण सामान्य सील व करडा सील यांच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी तीच राहते. त्यामुळे संशोधकांना छायाचित्रांवरून एकच प्राणी वर्षानुवर्षे ओळखता येतो. उलट, हत्ती सीलच्या अंगावर केसांच्या कलपाने लिहिलेले ओळखचिन्ह मात्र गळतीबरोबर नाहीसे होते; कायमची खूण हवी असेल तर पायाच्या वल्ह्यावर बिल्ला बसवावा लागतो.

उपग्रहाद्वारे मागोवा घेणारी उपकरणेही सीलच्या केसांवर चिकटवलेली असतात, आणि पुढच्या गळतीत ती आपोआप सुटून पडतात. जास्तीत जास्त काळ माहिती मिळावी म्हणून ती शक्यतो केस नुकतेच नवे झालेल्या प्राण्यावर बसवतात. दक्षिणेकडील हत्ती सीलच्या डोक्यावरील अशाच उपकरणांनी अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्रातील, हिवाळी बर्फाखालच्या पाण्याचे तापमान व क्षारता यांची मोलाची माहिती दिली आहे. जहाजे त्या काळात तेथे क्वचितच पोहोचू शकतात.

प्रश्न : पांढऱ्याशुभ्र पिल्लांची छायाचित्रे नेहमी दिसतात. ती मोठी झाल्यावर पांढरी का राहत नाहीत?

उत्तर : तो पांढरा, लांब व मऊ केसांचा पेहराव जन्माच्या वेळचा असतो आणि तो फार थोडे दिवस टिकतो. पिल्लाच्या अंगावर जन्मतः चरबी जवळजवळ नसते. कोरड्या हवेत हे लांब केस त्याला ऊब देतात, पण भिजले की निरुपयोगी ठरतात. आईच्या अतिशय स्निग्ध दुधावर चरबीचा थर तयार झाला की त्यांची गरज संपते. हार्प सीलच्या पिल्लाचे पांढरे केस दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून झुपक्याझुपक्याने गळू लागतात आणि साधारण महिनाभरात खालचे रुपेरी, ठिपकेदार अंग उघडे होते. हत्ती सीलचे पिल्लू काळे जन्मते आणि दूध तुटण्याच्या सुमारास रुपेरी होते. सामान्य सीलचे पिल्लू तर हे पहिले केस बहुधा आईच्या पोटातच टाकून जन्माला येते, आणि त्यामुळेच ते जन्मल्यानंतर काही तासांतच आईबरोबर पाण्यात उतरू शकते. भरतीच्या वेळी बुडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांवर जन्मणाऱ्या पिल्लाला याहून उपयुक्त तयारी दुसरी कोणती असणार?

प्रश्न : केस बदलण्याची वेळ झाली हे सीलच्या शरीराला कसे कळते?

उत्तर : मुख्य इशारा मिळतो तो दिवसाच्या लांबीतील बदलातून. त्यानुसार शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते; अवटू (थायरॉइड) ग्रंथीतील संप्रेरके केसांच्या वाढीला चालना देतात, तर कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक तिला रोखून धरते असे मानले जाते. वय, लिंग आणि प्रजननाची अवस्था यांनुसार प्रत्येक प्राण्याची वेळ पुढेमागे होते. म्हणून एकाच कळपात तरुण, माद्या व नर यांचे क्रम ठरलेले दिसतात. पोषणाचाही भाग आहेच, कारण खंगलेल्या प्राण्यात ही प्रक्रिया लांबते. आणखी एक गोष्ट अशी की, अनेक सीलमध्ये समागमानंतर भ्रूण गर्भाशयात लगेच रुजत नाही. तो काही महिने तसाच थांबून राहतो आणि केसांचे नूतनीकरण होत असताना किंवा ते संपल्यावर रुजतो. मादीच्या शरीरावर दोन मोठी ओझी एकदम पडत नाहीत.

प्रश्न : हजारो प्राण्यांचे गळलेले केस शेवटी कुठे जातात?

उत्तर : बरेचसे लाटांबरोबर समुद्रात, आणि त्यांच्याबरोबर पाराही. सील अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असल्याने माशांमधून आलेला मिथिलपारा, म्हणजे पाऱ्याचे सजीवांच्या शरीरात साठणारे विषारी रूप, त्यांच्या शरीरात साठतो आणि केसांत उतरतो. आन्यो न्यूएवोच्या किनाऱ्यालगतच्या पाण्याची तपासणी केली असता, हत्ती सीलच्या केसगळतीच्या हंगामात तेथील मिथिलपाऱ्याचे प्रमाण इतर किनाऱ्यांच्या मानाने सुमारे १७ पट आढळले. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. दूरच्या खोल समुद्रात गिळलेला पारा हा प्राणी स्वतःच्या अंगावरून किनाऱ्यापर्यंत वाहून आणतो. हा पारा समुद्रात पोहोचण्यामागे कोळसा जाळण्यासारख्या मानवी उद्योगांचा मोठा हात आहे, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

प्रश्न : समुद्रातील बर्फ कमी होत चालला आहे. त्याचा केस बदलण्यावर परिणाम होतो का?

उत्तर : वलयांकित सील, हार्प सील असे अनेक सील वसंताच्या शेवटी समुद्री बर्फावर पडूनच केस बदलतात. बर्फ लवकर वितळला तर कोरडे राहण्याची जागाच जाते, आणि त्वचा उबदार ठेवण्याचा वर सांगितलेला सगळा हिशेब बिघडतो. याची काळजी वाटावी असेच चित्र आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर २०११ साली वलयांकित सीलच्या अंगावर व्रण, केसांचे पट्टेच्या पट्टे गळालेले आणि नवी वाढ खुंटलेली, अशी अनेक उदाहरणे सापडली. काही वॉलरसही आजारी आढळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकी शासनाने ही असाधारण मृत्यूंची घटना म्हणून जाहीर केली. हा मात्र खरोखरचा आजार होता आणि तपास करूनही त्याचे एकच निश्चित कारण पुढे आले नाही, त्यामुळे त्याचा संबंध थेट बर्फाशी जोडणे योग्य होणार नाही.

प्रश्न : परदेशी गेलेल्या आमच्या नातेवाइकांना किनाऱ्यावर केस गळणारा एकटा सील दिसला. त्याला पाणी मारावे की समुद्राकडे वळवावे, असा तेथे वाद झाला. योग्य काय?

उत्तर : दोन्ही नको. अंगावर पाणी ओतले की त्वचेची ऊब जाते, आणि त्याला पाण्यात ढकलणे म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या असताना थंडीत लोटणे होय. माणसे जवळ आल्यामुळे तो स्वतःहून पाण्यात पळाला तरी नुकसान तेच. अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देणे १९७२च्या संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. डोळ्यांतून पाणी वाहणे, नाकातून शेंबूड येणे, तासन्‌तास निपचित पडणे, अंगावर वाळू उडवून घेणे ही हत्ती सीलमध्ये या काळातली नेहमीची लक्षणे आहेत. दुरून पाहावे, कुत्रे बांधून ठेवावे आणि समुद्राकडची त्याची वाट अडवू नये. मात्र खोल ताजी जखम, मानेत रुतलेली जाळी किंवा दोरी, फासळ्या आणि कमरेची हाडे दिसण्याइतका रोडपणा किंवा सतत येणारा खोकला आढळल्यास त्या भागातील वन्यजीव बचाव केंद्राला लगेच कळवावे, आणि त्यांची माणसे येईपर्यंत इतरांना दूर ठेवावे.